स्वस्त प्रोसेसर घेताना पिढी पाहा

माहुल-चेंबूर भागातील आमचे अनेक व्यापारी व कारागीर बंधू जीएसटीची बिले, जरीकामाची डिझाइने किंवा लग्नपत्रिकांची जुळणी यासाठी डेस्कटॉप संगणक घेऊ पाहतात. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेले की जुना 'आय-सेव्हन' थोडक्या पैशांत पुढे केला जातो. नाव मोठे, म्हणून सौदा पटतो. फसगत इथेच होते.

आय-थ्री, आय-सेव्हन हा केवळ दर्जा झाला. पिढी त्यापुढच्या आकड्यात असते. 7700 म्हणजे सातवी, 12100 म्हणजे बारावी. 2017 चा आय-सेव्हन 7700 आणि 2022 चा आय-थ्री 12100 या दोहोंत चारच कोअर आहेत, तरी हा आय-थ्री जास्त वेगवान. शिवाय विंडोज 11 साठी इंटेलची साधारणतः आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. म्हणजे तो आय-सेव्हन धडधाकट असूनही निकामी ठरू लागला. ज्या यंत्रात गिऱ्हाइकांची उधारी आणि बँकेचा व्यवहार आहे, तेथे हा धोका आम्ही तरी पत्करणार नाही.

दुसरी गोष्ट मदरबोर्डच्या सॉकेटची. एएमडीच्या 2017 च्या एएम4 बोर्डांपैकी पुष्कळांवर, बायॉस अद्ययावत केल्यास, 2022 चा रायझन 5 5600 बसतो. पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलला, बाकी सामान तेच! इंटेलचे सॉकेट सहसा दोन-तीन पिढ्यांत बदलते. म्हणून आज साधा प्रोसेसर घेऊन उद्या वरचा बसवता येईल असा बोर्ड घ्यावा. एकदम महाग यंत्रासाठी व्याजाच्या हप्त्यांत अडकण्यापेक्षा हे बरे.

इंटेलच्या क्रमांकाअखेर 'एफ' असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते; वेगळे कार्ड घ्यावे लागते. रायझन 5600 चेही तेच. 5600जी मध्ये मात्र ते असते. स्वस्ताई इथे उलटते.

माहुलच्या दुकानांत धूळ फार. पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो आणि आपला वेग आपणच कमी करतो. दर दोन-तीन महिन्यांनी यंत्र बंद करून पंखा साफ करावा.

पावतीवर नुसते 'आय-फाइव्ह' नको. पूर्ण क्रमांक, बोर्डाचे मॉडेल आणि वॉरंटीची मुदत दुकानदाराकडून लिहून घ्यावी, मगच पैसे मोजावेत.