उपवासकाळ आणि हर्सूलची भिंत

हर्सूल म्हटले की छत्रपती संभाजीनगरकरांना प्रथम मध्यवर्ती कारागृहच आठवते. ख्रिस्ती उपवासकाळाचा अर्थ या भिंतीजवळ अधिक उमगावा असा आहे. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून आरंभ होणारा हा काळ रविवार वगळता 40 दिवसांचा. मांस, गोडधोड वर्ज्य करणे हे त्याचे बाह्यांग. ते तुलनेने सोपेच. यशयाचा 58 वा अध्याय मात्र उपवास करणाऱ्यांनाच खडसावतो : देवाला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडवणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात येशू याहून पुढे जातो. बंदिवानाची भेट ही प्रत्यक्ष आपलीच भेट, असे तो सांगतो. तो बंदिवान निरपराध असावा, अशी अट घालत नाही. गुड फ्रायडेच्या उपासनेत ज्या सप्तवचनांवर मनन होते, त्यांतील दुसरे वचन तर एका अपराध्यालाच उद्देशून आहे. केवळ लूकने नोंदविलेल्या या प्रसंगात तो आपली शिक्षा न्याय्य असल्याचे कबूल करतो आणि फक्त आठवण ठेवा, एवढेच मागतो. त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन मिळते. आपण मात्र सुटून आलेल्या माणसाला भाड्याने खोली देतानाही कचरतो.