पाढा विसरला? रागावू नका!

काल सातचा पाढा घडाघडा म्हणणारं मूल आज 'सात सक' ला अडतं. आपण लगेच म्हणतो, "लक्षच नाही तुझं!" पण विसरणं हा मेंदूचा स्वभावच आहे. एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून ते दाखवलं.

मग उपाय? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवणारे पुढे गेले.

म्हणून पाढा दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा वही मिटा आणि विचारा. उद्या विचारा, चार दिवसांनी पुन्हा विचारा. अडलं तर थोडं थांबा, मग बरोबर उत्तर सांगा. गुण मात्र देऊ नका. भीती बसली की येत असलेलंही आठवत नाही.