किक मारावी लागते म्हणून

इंग्लंडमध्ये जुन्या स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. दोन माणसांपुरत्या, उघड्या टपाच्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या या गाड्या. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर ही त्यांतली दोन मोठी नावं. दोन्ही १९६२ साली बाजारात आल्या आणि दोन्हींचं उत्पादन १९८० साली थांबलं. आज रस्त्यावरची साधी नवी मोटारसुद्धा त्यांना सहज मागे टाकते. पावसात त्या गळतात, थंडीत सुरू व्हायला कुरकुर करतात. तरी त्यांचे मालक चाळीस-चाळीस वर्षं त्यांना सोडत नाहीत. हौस म्हटली तर इतकी वर्षं कशी टिकते? नव्या वस्तूचा आनंद तर आपल्या सगळ्यांच्याच अनुभवाचा आहे. चार महिन्यांत तो ओसरतो आणि फक्त हप्ते उरतात.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला इंग्लंडला जावं लागलं नाही. ते माझ्या अंगणातच उभं आहे. आमच्या मुदखेडला कुणाकडे स्पोर्ट्स कार नव्हती, पण ज्या गाडीचा आवाज ऐकून पोरं रस्त्यावर यायची ती दोन चाकांची गाडी होती. तिचं नाव येझदी. माझ्याकडची १९८४ सालची रोडकिंग आहे. अब्बांनी ती घेतली, तीवर शाळेची नोकरी केली आणि मग ती माझ्याकडे आली. नांदेडला बी.ए. करताना, पुढे कविसंमेलनांना आणि लग्नकार्यांना मी याच गाडीवर फिरलो. दोघांत ती धाकटी. पन्नाशी मी तिच्या आधी गाठली.

तिचं कुळ फार लांबचं आहे. १९२९ साली प्राग शहरात फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले. दोन्ही नावांची पहिली अक्षरं जुळवून 'जावा' हे नाव तयार झालं. चेक लोक त्याचा उच्चार खरं तर 'यावा' असा करतात. पुढे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी आयडियल जावा ही कंपनी म्हैसूरला काढली आणि १९६० सालापासून तिथे जावा बनू लागल्या. १९७३ मध्ये गाडीचं नाव बदलून येझदी झालं. इराणात यज्द नावाचं शहर आहे, झरतुष्ट्री लोकांचं जुनं ठिकाण. नांदेडचा तो नांदेडी, तसा यज्दचा तो यज्दी. म्हणजे गाडी चेक, कारखाना कन्नड मुलखात, नाव फारसी आणि तिच्यावर बसणारा मराठीत कविता करणारा मुसलमान. आमची जोडी जमणारच होती.

आता तिच्या स्वभावाबद्दल. येझदी टू-स्ट्रोक आहे. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या दोन वेळा वर-खाली झाला की एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्याच्या दर फेरीला स्फोट होतो. त्यामुळे थ्रॉटल जरा पिळला की गाडी लगेच उत्तर देते. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. त्यामुळे तिचा आवाज दोन्ही बाजूंनी येतो आणि अंधारातही ओळखू येतो. आणखी एक गंमत म्हणजे किक आणि गिअर यांचा दांडा एकच आहे. किक मारायची आणि तोच दांडा आत दाबून पुढे फिरवायचा, की त्याचा गिअर होतो. पहिल्यांदा बसणारा माणूस किक मारून झाल्यावर गिअर शोधत बसतो.

या इंजिनात तेलाची वेगळी सोय नसते. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरला साधारण तीस-चाळीस मिली. तेच मिश्रण इंजिनाच्या पोटातून जाताना आतल्या भागांना वंगण देतं. यातून एक नियम निघतो, तो नव्या पोरांना माहीत नसतो. माहूरचा गड उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडून द्यायची नाही. पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. दट्ट्या तापून जाम होऊ शकतो. म्हणून उतारावर मधूनमधून थोडी रेस द्यायची किंवा क्लच धरायचा. नव्या गाडीत हा विचारच करावा लागत नाही.

प्लगचंही तसंच. लांबच्या फेरीनंतर प्लग काढून पाहिला की गाडी आपली तब्येत सांगते. टोक काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त होतंय. पांढुरकं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. विटकरी किंवा चहाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. हकीम जीभ पाहून रोग सांगायचे, तसलाच प्रकार.

तुम्ही म्हणाल, ही सगळी कटकटच झाली. यात आनंद कुठे आला? माझ्या मते आनंद याच कटकटीत आहे. १९८५ साली आपल्याकडे हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलला काटकसरी. पेट्रोल भरा आणि विसरून जा, असा तिच्या जाहिरातीचा मतलब होता. मध्यमवर्गीय माणसाला ते पटलं आणि पटायलाच हवं होतं. रोज कामावर जाणाऱ्याला गाडीची आठवण ठेवायला वेळ कुठे असतो? पण जी वस्तू विसरून जाता येते, तिचा आनंदही आपण विसरून जातो. येझदी विसरता येत नाही. निघण्याआधी ऑईल आठवावं लागतं, उतारावर थ्रॉटल आठवावा लागतो, पावसाळ्यात पॉइंट घासावे लागतात. दर वेळी मी तिला काहीतरी देतो, म्हणून ती दर वेळी नवी वाटते.

ही माझ्या एकट्याची लहर नव्हे. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने स्वतःच्या हातांनी जुळवलेली वस्तू, ती साधी खोकी का असेना, त्याला तयार मिळालेल्या वस्तूपेक्षा जास्त मोलाची वाटते, असं त्यांना दिसलं. मात्र अट अशी, की काम पुरं झालं पाहिजे. अर्धवट राहिलं तर मोल वाढत नाही. जुन्या गाडीवाल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तासभर खटपट करून गाडी सुरू झाली की त्या पहिल्या धुराचा वास अत्तरासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट वेगाची. स्पोर्ट्स कारवाले सांगतात, की त्यांचा आनंद वेगात नसून वेगाच्या जाणिवेत आहे. बंद काचांच्या मोटारीत शंभरचा वेग कळतही नाही. उघड्या गाडीत पन्नासलाच वारा कानात बोलू लागतो. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर करत सहस्रकुंडच्या धबधब्याकडे जाताना मला हे दर वेळी जाणवतं. फुलशेतीच्या पट्ट्यातून सकाळी जाताना आधी वास येतो, मग मळा दिसतो. पुढे रान सुरू झालं की हवा गार लागते. एसी मोटारीत बसलेल्याला हा रस्ता फक्त दिसतो.

तिसरी गोष्ट माणसांची. नवी गाडी उभी केली तर तिच्याकडे कुणी पाहत नाही. येझदी उभी केली की चहाच्या टपरीवर एखादा म्हातारा उठून येतो. "आमच्याकडे बी व्हती," इथून गोष्ट सुरू होते. तिच्यावर वरात कशी आणली, पेरणीचं बियाणं कसं वाहिलं, मग विकावी कशी लागली. गाडी माझी असते, पण आठवणी गावाच्या असतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशातल्या अनेक शहरांत जावा-येझदीवाले एकत्र जमतात, तेही याच गोष्टींसाठी.

असं असलं तरी जुन्या गाडीची एक बाजू लपवून चालणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा काही भाग न जळताच बाहेर जातो आणि ऑईलचा धूर होतो तो वेगळाच. नव्वदच्या दशकात धुराचे नियम कडक होत गेले, बाजार काटकसरी गाड्यांनी व्यापला आणि १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी या नावांनी नव्या गाड्या आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. सगळ्यांनी येझदी चालवाव्या असं मी म्हणणार नाही. नांदेडच्या चौकात हजार येझदी उभ्या राहिल्या तर श्वास घेता येणार नाही. महिन्यातून दोन-तीन फेऱ्या, इंजिन नीट बांधलेलं, ऑईल मापात, एवढीच सवलत मी स्वतःला दिली आहे.

पण ही थोडी सवलत टिकणार का, हा आता खरा प्रश्न आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. दिल्लीसारख्या शहरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेशच निघाला. जुन्या वारशासाठी केंद्राने २०२१ साली एक वेगळी सोय केली. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. रोजच्या वापराला ती नाही.

सोय चांगली आहे. तरी ती वाचताना मला हैदराबादचं चौमहल्ला आठवलं. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी रोल्स रॉइसने सिंहासन बसवलेली पिवळी गाडी बनवली. पण १९११ साली ते वारले आणि गाडी त्यानंतर आली. ती फार थोडी चालली. आज ती चौमहल्लात उभी आहे, लोक दुरून पाहतात. ती देखणी आहे, पण माझ्या येझदीइतकी सुखी नसावी असं मला उगाच वाटतं. २०३४ साली माझी गाडी पन्नाशीची होईल. तेव्हा तिने अंगणात सिंहासनासारखं बसून राहावं, की भोकरच्या रस्त्याने जावं?

कागदापेक्षा मोठी अडचण हातांची आहे. कारखाना बंद होऊन तीस वर्षं होत आली. सुटे भाग हैदराबाद, पुण्याहून मागवता येतात, काही नव्याने बनतातही. पण ते बसवणारा हात कुठून आणायचा? माझी गाडी ज्यांनी तीन वेळा बांधली ते उस्ताद आता सत्तरीच्या पुढे आहेत. आवाज ऐकून ते पॉइंटचं टायमिंग सांगतात. हे त्यांनी पुस्तकात वाचलं नाही, त्यांच्या उस्तादाच्या गॅरेजात पाने धुता धुता शिकले. त्यांच्या मुलाने संगणकावर तपासायच्या गाड्यांचं काम घेतलं, आणि त्याचं बरोबरच आहे, पोट तिथे भरतं. पण उस्तादांचा कान पुढे कुणाकडे जाणार?

त्यात इंधनही बदललं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आमच्या मराठवाड्यातल्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं, हे चांगलंच झालं. मात्र इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीला आतून गंज चढू शकतो, कार्ब्युरेटर तुंबू शकतो. जुन्या रबराच्या नळ्या फुगतात. उस्तादांचा यावर साधा उपाय आहे: गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा, नळ्या नव्या घाला, आणि शक्यतो गाडी उभी ठेवूच नका.

म्हणून गेल्या वर्षापासून मी एक काम करतो आहे. दर शुक्रवारी दुपारी नमाजनंतर उस्तादांकडे जाऊन बसतो आणि ते सांगतात ते वहीत उतरवून घेतो. कोणता आवाज म्हणजे काय, दट्ट्याच्या रिंगा किती झिजल्या की बदलायच्या, क्लचच्या प्लेटा कशा लावायच्या. शब्द त्यांचेच ठेवतो, दखनी आणि मराठी मिसळून. शेजारच्या दोन पोरांना हाताशी घेतलं आहे. त्यांना आधी गाडी चालवायला मिळते, मग पाने धुवावे लागतात. या क्रमाला उस्तादांचा विरोध होता, पण चालवायची चटक लागल्याशिवाय हल्ली कुणी पाने धुवत नाही, हे त्यांनाही पटलं.

तुमच्या घरी, वाड्याच्या पडवीत, पोत्याखाली एखादी जुनी जावा, राजदूत, लॅम्ब्रेटा किंवा फियाट उभी असेल. भंगारवाला तिचं वजन करून पैसे देईल. त्याला बोलावण्याआधी गावातल्या जुन्या मिस्त्रीला एकदा बोलावून पाहा. गाडी सुरू होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ती सुरू करायला बसलेल्या त्या माणसाचा चेहरा जरूर बघा.