‘खाली जड लागतंय’: अंग बाहेर येण्याबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात ठाणे जिल्ह्यात डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर, पहाटे विहिरीशी जरा थांबून पाहावं. भरलेला हंडा जमिनीवर असतो. बाई वाकते, हंडा आधी मांडीवर घेते, श्वास रोखते आणि एका हिसक्यात तो डोक्यावरच्या चुंबळीवर चढवते. वर कळशी ठेवायला शेजारीण हात देते. 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो नुसतं पाणी, भांड्याचं वजन वेगळं. श्वास रोखलेल्या त्या क्षणी पोटातला दाब वाढतो आणि खाली जातो. तिथे, ओटीपोटाच्या तळाला, स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक यांचा भार तिच्यावर असतो. ही झोळी आणि गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध सैल झाले की यातला एखादा अवयव योनिमार्गात उतरतो, पुढे बाहेरही येतो. गावात याला अंग बाहेर येणं म्हणतात. दवाखान्यात सांगतात, पिशवी (म्हणजे गर्भाशय) खाली आली.

मुंबईला रोज जाणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं भातसा धरणाचं असतं आणि भातसा शहापूर तालुक्यात आहे. तानसाही इथलंच. तरी याच तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, आणि टँकर आला तरी तिथून घरापर्यंतचा हंडा बाईच्याच डोक्यावर असतो. त्यामुळे शहापूर-मुरबाडमध्ये या आजाराबद्दल बोलायचं तर पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

सगळ्यात खोल रुजलेला समज असा: ‘चार लेकरं झाली की असं व्हायचंच, त्यात सांगण्यासारखं काय?’ बाळंतपणं हे मोठं कारण आहे, हे खरं. विशेषतः कळा फार वेळ लांबल्या, मूल मोठं असलं, किंवा पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आत बाईला जोर करायला लावलं, तर बंध ताणले जातात. वरून पोट दाबून मूल खाली ढकलण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शनात नाकारली आहे. पण कारण माहीत असलं म्हणून त्रास सोसत राहायचा, हे कुठलं शहाणपण? दोन मुलांनंतरही अंग खाली येतं, आणि सहा मुलं झालेल्या बाईला काहीच होत नाही, असंही दिसतं. पाळी गेल्यावर ऊती पातळ होतात. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि रोजचं ओझं त्यात भर घालतात.

न सांगण्याची ही सवय किती जुनी आहे, ते डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. दोन गावांतल्या 650 बायकांची त्यांनी तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. अंग बाहेर येणं हा त्या मोठ्या यादीतला एकच आजार, पण मौनाचं कारण सगळ्यांचं सारखं. ‘खाली जड लागतंय’ याच्या पुढे वाक्य जात नाही. संध्याकाळी जास्त जड लागतं का, आडवं पडल्यावर बरं वाटतं का, लघवीला बसल्यावर बोटाने आत ढकलावं लागतं का, हे कुणी विचारत नाही आणि बाई आपणहून सांगत नाही.

‘कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमुळे अंग आलं,’ असंही पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. त्या शस्त्रक्रियेत फक्त बीजनलिका बंद करतात. गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांना हातही लागत नाही. ऑपरेशन होतं दोन-तीन बाळंतपणांनंतर आणि त्रास उघड होतो त्याच्या पुढच्या काही वर्षांत, म्हणून दोन्हींची गाठ मनात पडते.

दुसरी भीती कॅन्सरची. बाहेर आलेलं अंग म्हणजे गाठ नव्हे, आणि त्याचा कॅन्सर होत जातो असंही नाही. मात्र पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर कारण काहीही असो, लगेच तपासून घ्यायलाच हवं.

आता घरगुती उपायांकडे येते, कारण खरी इजा इथे होते. अंग आत राहावं म्हणून कापडाचा बोळा, रबरी चेंडू किंवा एखादं फळ आत बसवणं ही जगभरची फार जुनी कल्पना आहे. प्राचीन ग्रीसमध्ये अर्धं डाळिंब वापरत, असं वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. म्हणजे बाईला सुचलेला आधार चुकीचा नाही, वस्तू चुकीची आहे. कापड कुजतं, जखम होते, पू होतो. वर्षानुवर्षं आत राहिलेली वस्तू लघवीच्या पिशवीत भोकही पाडू शकते. याच कल्पनेचं सुरक्षित रूप दवाखान्यात मिळतं, त्याला रिंग पेसरी म्हणतात. हातात घेतली तर मऊ, जाड बांगडीसारखी लागते. सिलिकॉनची असते, दाबली की चपटी होते आणि आत गेल्यावर पुन्हा उघडून अंगाला खालून टेकू देते. डॉक्टर माप घेऊन ती बसवतात. नीट बसली तर चालताना, बसताना जाणवतही नाही. काही महिन्यांनी ती काढून, धुऊन, आतली जागा तपासून परत बसवायची असते. ती तारीख चुकवली तर रिंगनेही जखम होते, म्हणून बसवतानाच पुढची तारीख लिहून घ्यावी. वीटभट्टीवर कामाला जाणाऱ्या बाईने निघायच्या आधी रिंग तपासून घ्यावी.

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण आवणीत दिवसभर वाकल्याने किंवा मोळी वाहिल्याने झोळीचे स्नायू बळकट होत नाहीत, उलट त्यांच्यावर ताण येतो. त्यांचा व्यायाम निराळा आहे, आणि तो चूल पेटवताना बसल्या जागीही होतो. वारा सरू नये म्हणून किंवा लघवी अडवताना आपण जे आत ओढून घेतो, तेच स्नायू. ते आत ओढायचे, वर उचलायचे, सुरुवातीला पाच आणि जमेल तसे दहा अंक मोजेपर्यंत धरायचे, मग तितकाच वेळ सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी अडवून पाहायचं ते फक्त स्नायू ओळखण्यापुरतं, रोज नाही. अंग थोडं उतरलेलं असेल तर ब्रिटनमधल्या वैद्यकीय मार्गदर्शनात निदान 16 आठवडे हा व्यायाम करायला सांगितला आहे. म्हणजे होळीला सुरू केला तर आवणीच्या सुमाराला फरक कळतो. पूर्ण बाहेर आलेलं अंग व्यायामाने आत जात नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. हंडा उचलताना मात्र एक गोष्ट सगळ्यांनाच करता येते: आधी हे स्नायू आवळायचे, मग श्वास सोडत उचलायचं. हंडा जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर ठेवून भरला आणि उचलायला दुसरीचा हात घेतला, तर ताण तिथेच कमी होतो.

‘पिशवी काढली की कटकट मिटली.’ हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या अनेकींना साध्या तक्रारींसाठी पिशवी काढायला सांगितलं होतं. अंग बाहेर येण्यात मूळ दोष आधाराचा आहे. नुसती पिशवी काढली आणि आधार दुरुस्त केला नाही, तर नंतर योनिमार्गाचा वरचा भाग खाली येऊ शकतो. शस्त्रक्रिया कधी लागते? अंग बरंच बाहेर असेल, रिंग टिकत नसेल, लघवी तुंबत असेल तेव्हा. त्यातही मूल हवं असलेल्या तरुण बाईची पिशवी ठेवून ती वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, आणि त्यातल्या दोन आपल्याच डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जातात: गोव्यात जन्मलेले, मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे. तेव्हा कुणी पहिल्याच भेटीत ‘काढून टाका’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. शस्त्रक्रिया झाल्यावर निदान तीन महिने हंडा, मोळी, पाटी काहीही उचलायचं नाही. ही अट घरच्या पुरुषांच्या कानावर घालायला हवी, कारण ती पाळणं एकट्या बाईच्या हातात नसतं.

‘आता या वयात कसलं ऑपरेशन’ असं म्हणून म्हातारीला बाजूला ठेवू नका. रिंगला वयाची अट नाही, आणि खालच्या मार्गाने होणारी शस्त्रक्रिया कमरेत इंजेक्शन देऊनही करतात.

बाळंतिणीचा सव्वा महिना आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि तो शास्त्राला धरून आहे. पण दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या कातकरी बाईला तो मिळतो कुठे? ज्या घरात तो देता येतो, तिथे तरी सव्वा महिना हंडा दुसऱ्याने आणावा. पुढचे काही महिनेही ओझं हलकंच असावं. चुलीच्या धुराने खोकला येत असेल तर त्याचा इलाज करावा, दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकी तपासावी. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून पाणी कमी पिऊ नये, त्याने मळ घट्ट होतो आणि कुंथावं लागतं.

लघवी अजिबात होत नसेल, बाहेर आलेलं अंग आत जात नसेल, सुजून काळपट दिसत असेल, रक्त किंवा घाण वासाचा पू येत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोवर कमरेखाली घडी केलेली गोधडी घेऊन आडवं पडा आणि बाहेर आलेल्या अंगावर ओलं स्वच्छ फडकं ठेवा. जोराने आत ढकलू नका.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आधी गावातल्या आशाताईला सांगा, ती बरोबर येईल. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत दुसरी बाई हजर असलीच पाहिजे, हा तुमचा हक्क आहे. तो मागून घ्या, पण तपासणी न करता परत येऊ नका.