आजोबांच्या दारापर्यंत पंधराशे किलोमीटर

आजोळची वाट म्हटली की आपल्या मनात एसटीचा थांबा आणि ओसरीवर वाट पाहणारी आजी उभी राहते. ऑस्ट्रेलियात मात्र कित्येक नातवंडांची ही वाट वाळवंटातून जाते. दक्षिण किनाऱ्यावरील ॲडलेडपासून देशाच्या मध्यभागी वसलेले ॲलिस स्प्रिंग्ज सुमारे १५३० किलोमीटर दूर आहे. विमान तेथे काही तासांत पोहोचवते. पण चौघा-पाचांच्या तिकिटांचा हिशेब मांडला की मोटार बरी वाटते. त्यासाठी थंडीचा जुलै महिना सोयीचा, कारण उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो.

पोर्ट ऑगस्टाहून स्टुअर्ट महामार्ग उत्तरेकडे वळतो. १८६२ मध्ये भूखंड ओलांडून उत्तर किनारा गाठणाऱ्या जॉन मॅकडूअल स्टुअर्ट यांचे नाव त्याला लाभले आहे. ग्लेनडॅम्बोनंतर कूबर पेडीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पेट्रोलपंप नाही. समोरून येणारी, अनेक डबे जोडलेली मालवाहू 'रोड ट्रेन' ५३ मीटरपर्यंत लांब असते. तिला ओलांडण्याची घाई जिवावर बेतू शकते. सूर्य कलला की कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून जाणती माणसे अंधारापूर्वीच मुक्काम गाठतात.

हा मुक्काम बहुधा कूबर पेडीत पडतो. १९१५ मध्ये येथे ओपल हे रत्न सापडले आणि गाव वसले. उष्म्यापासून बचावासाठी लोकांनी जमिनीखाली घरे कोरली. रत्नांचा व्यापार जाणणाऱ्या कुटुंबांना येथील दुकाने खिळवून ठेवतात.

या प्रवासाचा पहिला नियम म्हणजे मुबलक पाणी जवळ बाळगणे. दुसरा नियम असा, की गाडी बंद पडली तरी तिला सोडून चालत निघू नये. शोध घेणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते आणि तिची सावलीही मिळते. महामार्गावर बराच पल्ला मोबाइलला संपर्क नसतो. म्हणून निघण्यापूर्वी मार्ग, मुक्काम व पोहोचण्याची वेळ कोणाला तरी कळवावी लागते.

ही जबाबदारी आजोबांकडे सोपवणे सर्वांत उचित. पत्करलेले काम ते विसरत नाहीत. ठरलेल्या वेळी निरोप आला नाही, तर पोलिसांना कळवणारे तेच असतात. दोन दिवसांच्या त्या निर्मनुष्य वाटेवर नातवंडांची खरी राखण दूर बसलेले आजोबाच करीत असतात.