शिबिराचे सात दिवस

दिवाळी सरली आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या की महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांत कॉलेजची मुलं मुक्कामाला येतात. कुठे शाळेच्या रिकाम्या खोलीत, कुठे समाजमंदिरात, तर कुठे देवळाच्या सभामंडपात सतरंज्या पडतात. पहाटे प्रभातफेरी निघते, न्याहारी होते आणि मग टिकाव, फावडी, घमेली घेऊन सगळे कामावर जातात. दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी गटचर्चा, रात्री गावासमोर पथनाट्य. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे ‘एनएसएस’चं हे हिवाळी शिबिर सात दिवसांचं असतं. विद्यापीठीय शिक्षण माणसाला सेवेसाठी, नेतृत्वासाठी आणि नोकरीसाठी तयार करतं, असं आपण प्रत्येक पदवीदान समारंभात ऐकतो. ही तयारी नेमकी कशी घडते ते पाहायचं असेल, तर असं एखादं शिबिर गाठावं.

या योजनेची मुळं स्वातंत्र्यानंतरच्या चर्चेत आहेत. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक सेवेची कल्पना मांडली. पुढे चिंतामणराव देशमुखांच्या समितीने ही सेवा सक्तीची असावी, असं सुचवलं. सक्तीचा आग्रह टिकला नाही. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत आणि सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांसह योजना सुरू केली. दोन वर्षांत 240 तासांचं नियमित काम आणि एक विशेष शिबिर, हा तिचा सांगाडा आजवर कायम आहे. कॉलेज एक गाव दत्तक घेतं आणि साधारण शंभर स्वयंसेवकांच्या एककातली निम्मी मुलं तिथे शिबिराला जातात.

सगळीच मुलं सेवाभावाने नाव नोंदवतात असं नाही. वाढीव गुण मिळतात म्हणून, मित्र गेला म्हणून किंवा घरापासून आठवडाभर लांब राहायला मिळेल म्हणूनही मुलं येतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. कशासाठी आला यापेक्षा तिथे त्याला काय करावं लागतं, हे जास्त महत्त्वाचं.

वनराई बंधाऱ्याचंच बघा. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्याच्या पात्रात त्या आडव्या रचत जायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण जागा चुकली तर सगळी मेहनत वाया जाते. पात्र अरुंद हवं, दोन्ही काठ उंच आणि पक्के हवेत, पाणी अजून वाहतं हवं. गोण्यांचे सांधे एकावर एक आले तर मधून पाणी सुटतं, म्हणून विटांच्या बांधकामासारखी सांधेमोड करावी लागते. वरच्या अंगाने चिकणमातीचा लेप द्यावा लागतो. हे कळायला गावातल्या जाणत्या शेतकऱ्याकडे जावं लागतं, आणि तो सांगेल ते पदवीचा तोरा बाजूला ठेवून ऐकावं लागतं. अभियांत्रिकीच्या मुलाने निरक्षर माणसाला ‘काका, इथे का नको?’ असं विचारणं, हे मी शिक्षणातलं मोठं पाऊल मानतो. पुढे साइटवर गवंड्याशी आणि फिटरशी तो बोलेल, तेव्हा ही सवय त्याच्या कामी येते.

नेतृत्वाचा धडा स्वयंपाकघरात मिळतो. पन्नास जणांचं दोन वेळचं जेवण, हाती येणारं तुटपुंजं अनुदान आणि किराण्याची यादी, हे सारं भोजन समितीकडे असतं. डाळ कमी पडली तर पंक्तीत शेवटी बसणारा उपाशी राहतो आणि तो समोरच असतो. परीक्षेत चुकलं तर आपले गुण जातात, इथे चुकलं तर दुसऱ्याच्या पोटाला चिमटा बसतो. गट रोज बदलतात. काल हिशेब ठेवणारा आज भांडी घासतो, काल ओढ्यावर मुकादमी करणारी आज पाणी भरते. ज्या घरात मुलांनी ताट उचलायची पद्धत नाही तिथून आलेला मुलगा आपली पाळी आली की चाळीस-पन्नास ताटं विसळतो. वेगवेगळ्या जातींची, शहरातली आणि वाडीवस्तीवरची मुलं एकाच पंक्तीला बसतात. कोणतंही व्याख्यान हे काम इतक्या सहज करू शकणार नाही.

संध्याकाळच्या सर्वेक्षणाला मी फार मोल देतो. घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची: घरात शौचालय आहे का, पाणी कुठून येतं, मुलीची शाळा कितवीत सुटली. पहिल्या दिवशी मुलं कागदाकडे बघून प्रश्न विचारतात आणि एका शब्दात उत्तर घेऊन परततात. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि मग बायाबापड्या मोकळ्या होतात. माणसाला बोलतं करणं ही कला डॉक्टरला लागते, पत्रकाराला लागते, तहसीलदाराला आणि बँकेच्या कर्ज अधिकाऱ्यालाही लागते.

महाराष्ट्राकडे श्रमातून शिकण्याचा आणखी जुना आणि अधिक कणखर वारसा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. गरिबाच्या मुलाने फीसाठी हात पसरू नयेत, श्रम करावेत आणि ताठ मानेने शिकावं, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. याच विचाराची ‘कमवा आणि शिका’ योजना आज राज्यातल्या अनेक विद्यापीठांत चालते. मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांवर काम करतात आणि त्या पैशांतून मेसचं बिल भरतात. या मुलांना वेळेची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. त्यांचे तासाचे दर सन्मानाने वाढवायला हवेत आणि ते पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडायला हवेत.

एका बाबतीत मात्र आपण मुलांवर विश्वास टाकलेला नाही. हिंसाचारामुळे 1990च्या दशकात कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर नेमलेली विद्यार्थी मंडळं आली. 2016च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांची दारं पुन्हा उघडली, पण प्रत्यक्ष मतदान लांबणीवरच पडत गेलं. अठराव्या वर्षी लोकसभेला मत देणाऱ्याला वर्गाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, हे मला पटत नाही. मतं मागणं, हरणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसणं, हेही शिकण्यासारखंच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने एनएसएस, क्षेत्रकार्य आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण यांना श्रेयांक दिले. प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक, असा ढोबळ हिशेब. जे काम आजवर ‘अभ्यासाव्यतिरिक्त’ मानलं गेलं ते गुणपत्रिकेवर आलं, हे चांगलंच झालं. पण तास मोजायला लागलं की तास भरायचीही सोय शोधली जाते. झाडाचं रोप हातात धरून फोटो, झाडू धरून फोटो आणि अहवाल तयार. अशा कामातून मुलगा एकच गोष्ट शिकतो, की कागद नीट असला की झालं. कार्यक्रम अधिकारी असलेले प्राध्यापक आपले तास, पेपर तपासणी आणि प्रशासकीय कामं सांभाळून हा गाडा ओढतात. त्यांचा कार्यभार खरोखर कमी केला, एकाच गावात सलग पाच-सात वर्षं काम करायचं ठरवलं आणि पहिल्या वर्षीचा बंधारा पुढच्या तुकडीने पाहून दुरुस्त केला, तर श्रेयांकाला अर्थ येईल.

नोकरीच्या मुलाखतीत ‘टीममध्ये काम केलंय का?’ असं विचारतात, तेव्हा प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. पन्नास माणसांचा किराणा किती लागतो, सरपंचांनी आधी नकार दिला तेव्हा पुन्हा कोण गेलं, गोण्या संपल्यावर काय केलं, हे ज्याला सांगता येतं त्याचं बोलणं समोरच्याला लगेच कळतं.

पालकांना माझी एक विनंती आहे. दर वर्षी शिबिराच्या यादीतून शेवटच्या दिवशी जी नावं गळतात, त्यांत मुलींची नावं जास्त असतात. घरून परवानगी मिळत नाही, एवढंच त्यांचं कारण असतं. शिबिरात मुलींच्या मुक्कामाची सोय स्वतंत्र असते, सोबत प्राध्यापिका असतात. शंका असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना फोन करा, एखाद्या दुपारी गावात जाऊन स्वतः बघून या. पण संमतिपत्रावर सही करा आणि मुलीला जाऊ द्या.