मोठा नंबर की चांगला फॉर्म? नव्या सीझनचं टेनिस वाचताना

आमच्या तळेगावात (श्यामजी पंत) टेनिस म्हटलं की लोकांना आधी टेनिस बॉलचं क्रिकेट आठवतं. खरं टेनिस आम्ही टीव्हीवरच पाहिलं. त्यातही घरात बघणारे दोघंच, मी आणि माझे मोठे बाबा. मोठे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. इंग्लिश कॉमेंटरी त्यांना कळायची नाही, म्हणून मी कॉन्व्हेंटवाली भाषांतर करायला बसायची.

जानेवारी २०१८. मी सातवीत होते. चेन्नईची एटीपी स्पर्धा त्या वर्षी पुण्यात, बालेवाडीला आली होती. नाव टाटा ओपन महाराष्ट्र. नव्या वर्षाच्या अगदी पहिल्या आठवड्यात, आपल्या राज्यात, जगातला सहाव्या नंबरचा मारिन चिलिच खेळणार! मी मोठ्या बाबांशी पैज लावली की चिलिचच जिंकणार. सेमीफायनलला तो हरला. कोणाकडून? जिल सिमाँ नावाच्या ३३ वर्षांच्या फ्रेंच खेळाडूकडून, ज्याचा नंबर होता ८९! सिमाँने मग फायनलला केविन अँडरसनलाही ७-६, ६-२ असं हरवलं आणि कप नेला. पैजेप्रमाणे मी महिनाभर मोठ्या बाबांच्या चहाचे कप विसळले.

पण त्यांचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. "हा सहाव्या नंबरचा, अन् थो नव्वदीतला. मंग सहावाला हारला कसा वं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता इंजिनिअरिंगला आल्यावर थोडं गणित शिकले, म्हणून हा लेख. दर जानेवारीत पेपरात येतं, अमुक फॉर्मात आहे, तमुकचा फॉर्म गेला. मित्र-मैत्रिणींनो, फॉर्म म्हणजे नक्की काय आणि तो मोजायचा कसा?

नंबर काय सांगतो?

एटीपी रँकिंग म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांत कमावलेल्या पॉइंट्सची बेरीज. ग्रँड स्लॅम जिंकलं तर २०००, मास्टर्सला १०००, पुण्यासारखी छोटी स्पर्धा जिंकली तर २५०. वर्ष झालं की जुने पॉइंट्स गळतात आणि नवे येतात. म्हणजे मागच्या जूनमध्ये कोणी भन्नाट खेळला असेल, तर त्याचे पॉइंट्स या जानेवारीतही त्याच्या खात्यात असतात, मग आज त्याचा खांदा दुखत असला तरी. उलट, जो सहा महिने दुखापतीने घरी बसला त्याचा नंबर घसरतो. तो आता ठणठणीत आहे, हे कॉम्प्युटरला माहीत नसतं.

थोडक्यात, रँकिंग हा आपला सीजीपीए आहे. माझा सीजीपीए आजही पहिल्या सेमिस्टरच्या एम-वनचं ओझं ओढतोय. मधल्या सेमिस्टरांना मी कितीही बरं केलं असो, यादी लावणारा तो एकच आकडा बघतो. आकडा खोटा नाही, पण तो जुना आहे. आणि त्याच आकड्यावर ठरतं कोण आत जाणार आणि कोण दाराबाहेर राहणार. टेनिसमध्येही तसंच. मेन ड्रॉ, सीडिंग, पहिल्या फेरीची बाय, सगळं नंबरावर. म्हणून हा प्रश्न नुसता पैजेचा नाही, खेळाडूच्या पोटापाण्याचा आहे.

एका पॉइंटची किंमत

आता गणित. समजा एखादा खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसवर १०० पैकी ६५ पॉइंट जिंकतो. तर तो गेम जिंकण्याची शक्यता किती? ड्यूस धरून प्रॉबॅबिलिटी काढली तर साधारण ८३ टक्के येते. तोच खेळाडू ७० पॉइंट जिंकू लागला तर ९० टक्के. ६० वर आला तर ७४ टक्के आणि ५५ वर आला तर फक्त ६२.

म्हणजे बघा, ६५ चे ७० झाले की सर्व्हिस सहा गेममध्ये एकदा तुटायची ती दहामध्ये एकदा तुटते. शंभरात पाच पॉइंटचा फरक टीव्हीवर डोळ्यांना दिसतही नाही. पण गेम, सेट, मॅच अशा तीन पायऱ्या चढताना तो फरक मोठा होत जातो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सांगायचं तर टेनिसची स्कोअरिंग पद्धत म्हणजे एक अॅम्प्लिफायर आहे. सिग्नल छोटा, आउटपुट मोठं.

रॉजर फेडररने २०२४ साली डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात हेच सांगितलं होतं. त्याने सिंगल्सच्या १५२६ मॅचेसपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकल्या, पण एकूण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के! आणि २०२५ च्या फ्रेंच ओपनच्या फायनलला तर कमालच झाली. साडेपाच तास चाललेल्या त्या मॅचमध्ये यानिक सिनरने १९३ पॉइंट जिंकले आणि कार्लोस अल्कराझने १९२. कप मात्र अल्कराझने नेला, तोही तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून.

म्हणून कोणाचा फॉर्म बघायचा तर "जिंकला की हरला" एवढंच बघू नका. सर्व्हिसवर आणि रिटर्नवर शंभरात किती पॉइंट येताहेत ते बघा. फॉर्म तिथे आधी दिसतो, निकालात नंतर.

पुण्याची प्रयोगशाळा

पुण्यात ही स्पर्धा पाच वेळा झाली. २०१८ आणि २०१९ ला वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. मग २०२० ला नवीन एटीपी कपमुळे ती फेब्रुवारीत गेली, २०२१ ला कोविडमुळे झालीच नाही, २०२२ ला पुन्हा फेब्रुवारीच्या सुमारास आणि २०२३ ला परत जानेवारीत. विजेते असे : सिमाँ, अँडरसन, यिरी वेसेली, जोआओ सूसा आणि टॅलन ग्रीकस्पोर. या पाचांपैकी पहिला सीड होता फक्त एक, २०१९ चा अँडरसन. पाचात एक!

हे वाचून वाटेल की सीडिंग म्हणजे फसवणूक. पण थांबा. समजा पहिला सीड इतका चांगला आहे की कोणाविरुद्धही त्याची जिंकण्याची शक्यता ७० टक्के आहे. त्याला बाय मिळते, म्हणजे कपासाठी चार मॅचेस जिंकायच्या. ०.७ चा चौथा घात करा. उत्तर ०.२४. म्हणजे सगळ्यांत चांगला असूनही तो चारातून एखाद्या वेळीच कप उचलणार. पुण्यात पाचात एकदा झालं, ते गणिताला धरूनच झालं. माझी पैज मुळातच चुकीची होती. "चिलिच सर्वांत चांगला" हे बरोबर, पण "म्हणून चिलिचच जिंकणार" हे चूक.

पुढचं त्याहून मजेशीर आहे. पुण्याची २०१८ ची फायनल ६ जानेवारीला झाली. फायनलला पोचलेला अँडरसन मेलबर्नला पहिल्याच फेरीत काइल एडमंडकडून हरला. आणि सेमीफायनलला हरलेला आपला चिलिच? तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या सेमीफायनलला त्याच एडमंडला हरवून फायनलला गेला आणि २८ जानेवारीला फेडररशी पाच सेट झुंजला! पुढच्या वर्षी अँडरसनने पुणे जिंकलं, तर मेलबर्नला दुसऱ्याच फेरीत फ्रान्सिस टियाफोने त्याला घरी पाठवलं.

म्हणजे पहिल्या आठवड्याच्या निकालाला काहीच अर्थ नाही? तसंही नाही. २०२३ ला ग्रीकस्पोर ९५ व्या नंबरवर पुण्यात आला आणि आयुष्यातली पहिली एटीपी स्पर्धा जिंकला. त्याच जूनमध्ये त्याने नेदरलँड्समधली, आपल्या घरची, ग्रासकोर्टची स्पर्धाही जिंकली. त्याचा फॉर्म खरा होता. मग एकाचा खरा आणि दुसऱ्याचा नाही, हे ओळखायचं कसं?

हवा, उंची आणि सर्व्हिस

एक कारण कोर्टावरच असतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, मेलबर्न जवळजवळ समुद्राकाठी. पुण्यात हवा थोडी विरळ, म्हणून बॉलला अडथळा कमी आणि बॉल जास्त वेगात येतो. त्याचा फायदा मोठ्या सर्व्हिसवाल्यांना. २०१९ ची फायनल आठवा. अँडरसन ६ फूट ८ इंच, समोर इव्हो कार्लोविच ६ फूट ११ इंच, वय ३९. स्कोअर ७-६, ६-७, ७-६. पूर्ण मॅचमध्ये एकाचीही सर्व्हिस एकदासुद्धा तुटली नाही!

उंचीचा फायदा किती, ते साध्या समान त्रिकोणांनी काढता येतं. बेसलाइन ते नेट ११.८८५ मीटर, नेट मध्यभागी ०.९१४ मीटर उंच आणि नेटपासून सर्व्हिस लाइन ६.४ मीटरवर. गुरुत्वाकर्षण आणि स्पिन बाजूला ठेवून बॉल सरळ रेषेत जातो असं धरा. रॅकेटने बॉल २.७ मीटर उंचीवर मारला तर नेट चुकवून बॉल पडायला सर्व्हिस लाइनच्या अलीकडे फक्त ०.३ मीटरची पट्टी मिळते. तोच बॉल ३.२ मीटरवरून मारला तर पट्टी १.६ मीटरची होते. अर्धा मीटर उंची, पण जागा पाचपट! (करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.)

अशा दोन खेळाडूंची मॅच टायब्रेकवर जाते आणि टायब्रेक दोन-तीन पॉइंटवर ठरतो. म्हणून सर्व्हिसवाल्याने सलग चार मॅचेस टायब्रेकमध्ये जिंकल्या तर लगेच "काय फॉर्म आहे!" म्हणू नका. त्यात नशिबाचा भाग मोठा असतो.

मग बघायचं काय?

मी स्वतःसाठी चार प्रश्न ठरवले आहेत. जानेवारीत दोन खेळाडूंची तुलना करायची तर हे विचारायचे.

एक, शेवटच्या दहा-पंधरा मॅचेस कोणाविरुद्ध? पन्नासाव्या नंबरच्या पाच जणांना हरवणं आणि पहिल्या पाचातल्या एकाला हरवणं, यांची किंमत वेगळी. बुद्धिबळातली इलो पद्धत हेच करते. आर्पाड इलो हे फिजिक्सचे प्राध्यापक. त्यांच्या पद्धतीत समोरचा जितका तगडा, तितकी जिंकल्यावर कमाई जास्त. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरचा जिंकण्याची शक्यता ६४ टक्के, २०० असेल तर ७६.

दोन, मागचं वर्ष संपवलं कसं? सिनर बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने ट्युरिनला गटाच्या मॅचमध्ये जोकोविचला हरवलं. तिथल्या फायनलला तो त्याच्याकडूनच हरला, पण काहीच दिवसांत डेव्हिस कपच्या सेमीफायनलला तीन मॅच पॉइंट वाचवून पुन्हा जोकोविचला हरवलं. जानेवारी २०२४ ला तो मेलबर्नच्या आधी एकही एटीपी स्पर्धा खेळला नाही. पहिल्या आठवड्याचे निकाल बघणाऱ्याला त्याच्याबद्दल काहीच कळलं नसतं. त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, तीही फायनलला दोन सेट मागे पडून.

तीन, कोर्ट, हवा, प्रवास सारखे आहेत का? पुण्यातला निकाल मेलबर्नला जसाच्या तसा चालत नाही.

चार, शरीर काय म्हणतं? २०२३ ला चिलिच पुन्हा पुण्यात पहिला सीड म्हणून आला होता. क्वार्टरफायनलच्या आधी गुडघा दुखला, त्याने माघार घेतली. वॉकओव्हर मिळाला तो ग्रीकस्पोरला. चिलिचचं पुढचं जवळजवळ सगळं वर्ष गेलं, ऑपरेशन झालं, नंबर घसरत गेला. गुडघा कोणत्याच यादीत छापून येत नाही.

शेवटी घाट

२०२३ नंतर ही स्पर्धा पुण्यात राहिली नाही. २०२४ पासून तो आठवडा हाँगकाँगला गेला. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. २०१८ ला पुण्याच्या अर्जुन कढेला इथे वाइल्ड कार्ड मिळालं, २०२३ ला पंधरा वर्षांच्या मानस धामणेला मिळालं. दोघेही पहिल्या फेरीत हरले. पण वाइल्ड कार्ड म्हणजे काय? नंबर नसलेल्याला "चल, आज खेळून दाखव" म्हणणं. घरची स्पर्धा गेली की हे म्हणणारं दारही गेलं.

आणि चिलिच? सप्टेंबर २०२४. नंबर ७७७. चीनमधल्या हांगझोऊच्या स्पर्धेत तो खेळला आणि जिंकला! एटीपी स्पर्धा जिंकणारा इतिहासातला सर्वांत खालच्या नंबरचा खेळाडू. सहावा असताना ८९ व्याकडून हरला आणि ७७७ वा असताना कप घेऊन गेला. माणूस तोच.

ही बातमी मी मोठ्या बाबांना फोनवर सांगितली. म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. मग प्रॉबॅबिलिटी, अॅम्प्लिफायर, इलो, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आयुष्यभर नागपूर-अमरावती रोडवर गाडी चालवलेला माणूस तो. आमच्या गावाजवळचा सत्याग्रही घाट त्यांनी किती वेळा चढला असेल, त्यालाच ठाऊक.

म्हणाले, "हे तं मले ठावंच होतं. गाडीचं मीटर सांगते किती किलोमीटर चालली. आज घाटात वढते का नाही, थे घाटातच समजते."

असो. सहा वर्षं कप मी उगाच विसळले नाहीत म्हणायचे! महिनाभराची पैज होती, पण सवय लागली ती लागलीच. येत्या जानेवारीत तुम्हीही वही घेऊन बसा. नंबर लिहा, पण पेन्सिलीने. आणि एम-वन राहिलेल्या माझ्यासारख्यांनो, आपलं मीटर काहीही दाखवू दे, घाट अजून पुढे आहे.